यंत्रबाईचं रडणं

३ मार्च
लिहून टाकलं! भाग एक्केचाळीस, प्रसंग नऊ — यंत्रबाई रडायला शिकते. मालिकेतली ही बाई म्हणजे माणसांची नक्कल करणारं यंत्र. ते काम करते माझी धाकटी बहीण. संवाद माझे, कंसातल्या सूचनाही माझ्याच.

सूचना अशी : आधी मान वर. खोलीभर नजर — बघणारे किती? मग दोन्ही तळहात तोंडावर. मग हुंदका.

आई गेली त्या दुपारी ती अशीच रडली होती. दोन वर्षं आईची कूस मी बदलली. ही आली ती गळ्यावरचा मेकअपही न पुसता. दारात थांबली, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि मगच रडू फुटलं! आता कर म्हणावं तेच, कॅमेऱ्यासमोर.

६ मार्च
दिग्दर्शक खूश. "इतकं खोटं रडणं सुचलं कुठून हो तुम्हाला?" मी नुसती हसले.
तिला कळेल ना? कळायलाच हवं. नाही कळलं तर सूड कसला, नुसती कारकुनी.

७ मार्च
हा नीचपणा आहे का? आईला आवडलं नसतं. पण एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. खरं लिहूनही नीच होता येतं — हे वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. प्रसंगही राहू दिला.

१० मार्च
चित्रीकरण. यंत्राची पापणी लवायची नाही, हा आमच्या मालिकेचा नियम. डोळ्यांत रुपेरी भिंगं घालून ती बसली होती. कागद वाचला. पुन्हा वाचला. लागला बाण! तर ती उठून सरळ माझ्यासमोर.
"ताई, ही नजर फिरवते ती कुणाला शोधायला?"
"शोधायला नाही. किती जण बघतायत ते मोजायला."
"असं होय," म्हणाली, आणि जागेवर गेली.

पहिल्या टेकला तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. दिग्दर्शक ओरडला, "अहो, लेखिकेकडे काय बघताय? त्यांना काय रडू येणारेय?" सगळे हसले. दुसऱ्या टेकलाही तेच. तिसऱ्याला पापणी लवली आणि भिंग गालावर! मेकअपवाला करवादला, "बाई, यंत्र आहात, जरा दम धरा." चौथ्याला मात्र तिने एकेक चेहरा मोजला. अगदी कागदाबरहुकूम. टाळ्या पडल्या.
मी वाजवल्या नाहीत. जिंकल्यासारखं वाटेल, याची वाट बघत होते. नाही वाटलं.

११ मार्च
सकाळी फोनवर तिचा निरोप.
"त्या दिवशी मोजत नव्हते गं ताई. तू कुठे आहेस ते बघत होते. दिसलीस, आणि तू मान फिरवलीस."
फिरवली होती. खिडकीकडे. तिच्या पडद्यावर हिरवे पट्टे होते.
हे मी कंसात लिहिलंच नाही.