नोकरीवाल्या जावयाचा हलर

शहापूर,
शुक्रवार, दुपार

मामाजी, दुरूनच पाया पडतो.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र लिहायला मी आज बसलो, कारण मी घाबरलो आहे. दाराला आतून कडी लावली आहे. खिशात एक अर्ज आहे, राजीनामा परत घेण्याचा. उद्या दुपारच्या आत तो चिखल्याला खदानीच्या ऑफिसात पोचला तर नोकरी वाचते. नाही पोचला तर संपलं.

हो मामाजी, मी नोकरी सोडली! तुमच्या जावयानं! आता तिथं डोक्याला हात लावून बसू नका.

बांगलादेशच्या लढाईचा तो हिवाळा आठवतो ना? मी तुमच्या ओसरीवर मान खाली घालून बसलो होतो, आणि चार लोकांत तुम्ही म्हणालात, "मले वावरवाला नको, दुकानवाला तं नकोच. नोकरी सोडाची नाही असा शब्द द्या, मंग पोरगी देतो." मी लगेच दिला. मंदा दाराआडून पाहत होती. तुम्ही पुरात वैनगंगा पोहून जा म्हणाला असता, तरी मी हो म्हटलं असतं.

पण माझं काम काय, हे तुम्ही कधी विचारलंत का? "जवाई मशीनवर आहे," असं साऱ्या गावाला सांगत सुटायचे! कोणतं मशीन? माणसांना खदानीत खाली सोडायचा पिंजरा असतो, त्याचं. घंटी वाजली की दांडा ओढायचा, परत वाजली की थांबवायचा. आतली माणसं मला दिसत नसत, फक्त दोर दिसायचा. अठरा वर्षं मी त्या दोराकडे बघत बसलो. वाईट काही झालं नाही, एकदाही नाही. तरी रोज वाटायचं, आज होणार. लोक हसतील म्हणून कुणाला बोललो नाही. शेवटी मंदानंच पकडलं. "हात पाहा तुमचे. चहाची बशी तोंडापर्यंत जात नाही. कवापासून लपवून राहिले मले?"

मग राजीनामा दिला, क्वार्टर सोडलं. इथं सडकेला लागून खोली घेतली आणि धान भरडायचा हलर बसवला. मशीनशिवाय मला दुसरं येतं काय! इथं हात चुकला तर तांदूळ तुटेल, माणूस तर मरणार नाही. आपलं एवढंच गणित.

काल पहिला दिवस होता. नारळ फोडला. मामी सकाळीच बैलबंडीत धानाचं पोतं टाकून हजर! "पहिलं धान आपल्या घरचं पाहिजे, जवाईबापू." दहा-बारा माणसं पाहायला उभी होती. इंजिन धडधडलं, पट्टा फिरला, आणि खाली पडली ती कणीच कणी. अख्खा दाणा औषधालाही नाही! कोणीतरी बोललंच, "खदानवाल्याचं काम नोहे हे, भाऊ." दोघांनी आपली पोती उचलून परत बंडीत टाकली. पळून जावंसं वाटलं.

मामींनी मूठभर कणी तळहातावर घेतली, पाहिली, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मशीनले काहून नावं ठेवता जी? धानच ओलं होतं माह्यं. मीच घाई केली, वाळूच देल्लं नाही."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मामींनी ती कणी फडक्यात बांधली, "पापड्याले कामी येते," म्हणाल्या आणि गेल्या. मीसुद्धा खरं मानलं, मामाजी! मनात थोडा रागावलोही. तरी नंतर कुणी पोतं आणलं नाही, म्हणून संध्याकाळी हा अर्ज लिहून टाकला.

आज सकाळी झाडताना मामींच्या पोत्यातलं सांडलेलं थोडं धान सापडलं. सहज एक दाणा दाताखाली धरला. कट् वाजला! दुसरा धरला, तोही तसाच. धान कडक वाळलेलं होतं. हलरचं पातं मीच जास्त आवळलं होतं, म्हणून दाणा तुटला. चूक माझी होती, आणि मामींना ते कणी पाहताक्षणीच कळलं असणार. चाळीस वर्षं धान वाळवणारी बाई! बायका जिला विचारून आपलं धान खळ्यावरून उचलतात, तिनं भर लोकांत सांगितलं की आपलंच धान ओलं राहिलं. कशासाठी? माझ्यासाठी!

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. कुणाला सांगू नका.

भीती गेली म्हणाल तर नाही. दोन पोरी आहेत. उद्या कुणी विचारलं, बाप काय करतो, तर मंदानं काय सांगायचं? तुम्ही असता तर चांगले ओरडला असता. ओरडायचं होतं ना थोडं! जायची एवढी काय घाई होती?

असो. पातं मघाशी सैल केलं आहे, मूठभर धान घालून पाहिलं, दाणा अख्खा येतो. चिखल्याच्या बसमध्ये मी बसणार नाही. उद्या सकाळी दार उघडीन आणि जमतील तेवढ्या लोकांसमोर सांगीन, माझ्या सासूचं धान वाळलेलं होतं, चूक माझी होती. ते ऐकून कुणी पोतं घेऊन आत येईल, असं मला मुळीच वाटत नाही. तरी सांगीन, मामाजी.

तुमचा जावई,
मधुकर