चिठ्ठीखालची चिठ्ठी

आबा, तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली आणि तुम्हाला लिहायला मी आज बसलेय. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची आमची प्राज्ञा नव्हती. आता मी तुमच्याहून मोठी झालेय. तुम्ही गेलात त्या वयाला मी मागे टाकलं, गुडघे तुमच्यासारखेच धरतात, आणि मुलगा म्हणतो की रागावले की मी हुबेहूब तुमच्यासारखी दिसते. असेन. म्हणूनच लिहितेय.

मी नेपरव्हिलला असते, मुलाकडे. मुलगा सकाळची ट्रेन धरून शिकागोला ऑफिसला जातो, सून वरच्या खोलीत लॅपटॉपशी बोलत असते, आणि नात शाळेतून आली की आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या उंच टेबलाशी बसतो. त्या खुर्चीवर चढायला मला तिचा हात धरावा लागतो. खिडकीबाहेर बर्फ पडत असतो आणि आमचं दोघींचं काम सुरू होतं. नातीला शाळेत स्पॅनिश आहे. तिच्या बाईंनी तिला स्पेनमधल्या एका जुन्या चित्रमालिकेचं पुस्तक दिलंय. दोन व्रात्य भाऊ, एका पानाची एक गोष्ट. गावातल्या कारंज्यात साबणाची भुकटी टाकायची, फेसात कुणा बड्या माणसाची टोपी वाहून जायची, असले सगळे उद्योग. नात वाचून मला अर्ध्या मराठीत अर्ध्या इंग्रजीत सांगते, मी त्याचं धड मराठी करते, कागदाच्या बारक्या पट्टीवर लिहिते आणि ती पट्टी आम्ही पुस्तकाच्या झेरॉक्सवर, त्या पोरांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यावर चिकटवतो. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. बाकी जे काही वाचायला शिकले ते पुड्यांच्या कागदावर. पण अक्षर अजून तुमच्या पिठाच्या गिरणीतलंच आहे. नात म्हणते, "आजी, युअर हँडरायटिंग इज सो नीट, प्रिंटसारखं!" आणि मग नखानं पट्टीचा कोपरा उचकटून खाली काय होतं ते बघते. तिला तेच फार आवडतं. मी मात्र ती नख लावते तेव्हा पट्टीवर बोट दाबून धरते, आणि का धरते ते तुमच्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत बाप असतो. हातात सपाता घेऊन धावतो, पोरांच्या डोक्यावर टेंगळं येतात, टेंगळांभोवती चांदण्या फिरतात. नात खिदळते. पान उलटलं की दोघे ठणठणीत, टेंगूळ नाही, चांदणी नाही, पुढच्या उद्योगाला मोकळे. शेवटच्या फुग्यात बाप काय ओरडतो ते तिनं मला सांगितलं, पण माझ्याच्यानं लिहवेना. "लिही ना आजी, 'थांबा रे गाढव!'" "गाढवांनो," मी म्हटलं. "हां, गाढवांनो. राइट इट!" मी पट्टी कोरीच चिकटवली. आणखी एक बोचलं, आबा. त्या पुस्तकात मार दोघांना मिळतो.

आपल्या गिरणीत चिठ्ठ्या लिहायचं काम माझं होतं. दारातून डबा आला की नाव आणि दळण कसं हवं ते मी लिहायची, बारीक की भरड, आणि जमिनीवरचं सांडलेलं पीठ गोळा करून केलेल्या खळीनं चिठ्ठी डब्यावर चिकटवायची. धाकट्या भावाचं काम डबे ओढत काट्यापाशी न्यायचं. मी अकराची, तो आठाचा, आणि त्याचा 'क' अजून उलटा यायचा. वखारवाल्या काकू आपल्या गव्हाचा डबा घेऊन आल्या, माझी चिठ्ठी बघितली आणि चार बायकांत म्हणाल्या, "अगं बाई, हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?" सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. त्यांना दळण बारीक हवं होतं, मुलीला बघायला पाहुणे येणार होते, पुरणपोळीचा बेत होता. शेजारचा डबा गाईच्या आंबोणाचा, तोही गहूच, भरड काढायचा. तुम्ही पट्टा चढवायला वळलात, धाकटा बाहेर हौदाशी होता, आणि मी दोन नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, काकूंच्या नावापुढे भरड आणि गाईवाल्याच्या नावापुढे बारीक, आणि जुन्यांवर चिकटवल्या. मिनिटाचं काम. मला वाटलं होतं, पोळ्या जरा जाड होतील.

दुसऱ्या दिवशी काकू कणकेची परात घेऊनच गिरणीत शिरतात. मला त्यांच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज अजून ऐकू येतोय. "हे काय दळण झालं? पोळी लाटते तर मेलीच्या चिरफळ्या होतात! पाहुण्यांनी पुरण चमच्यानं खाल्लं, चमच्यानं! ही कणीक आता गवंड्याला देऊ का भिंत बांधायला?" मागून गाईवाला येतो, तो वेगळाच वैतागलेला, की गाईच्या टाळूला लगदा चिकटलाय. बायका पदर तोंडाशी धरून हसतायत. तुम्ही गिरणी बंद करता. एकदम शांत होतं. काकूंनी डबाही परत आणून आपटलेला असतो, तुम्ही तो उचलता, चिठ्ठी वाचता, आणि मग अंगठ्याचं नख लावून तिचा कोपरा सोडवता. खाली दुसरी चिठ्ठी. तीही माझ्याच अक्षरात. तुम्ही माझ्याकडे बघता. आबा, ते बघणं मी साठ वर्षं विसरले नाही. मग तुम्ही ती वरची चिठ्ठी सोलून काढता, बंडीच्या खिशात घालता, वळता, आणि काट्यापाशी उभ्या असलेल्या धाकट्याच्या कानशिलात देता. "डबे इकडचे तिकडे करतोस होय रे!" तो गोल फिरून पोत्यांवर पडतो. त्याच्या गालावर तुमची पाच बोटं पिठाची, पांढरी. बायका पुन्हा हसतात, कारण ते दिसतंच तसं. काकूंचं समाधान होतं. आणि मी खळीची वाटी हातात धरून उभी असते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते असं. पण फाशी देणाऱ्याला चोर ठाऊक होता, ही गोष्ट म्हणीत कुठे येते? पुढच्या बाजाराला तुम्ही मला शाईचं पेन आणलंत. मला एकटीला. माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "अक्षर सांभाळ." बास, एवढंच. मुलीच्या जातीवर चारचौघांत हात टाकायचा नाही, हा तुमचा नेम होता आणि गावात त्याचं कौतुक होतं. चारचौघांत काकूंना काहीतरी द्यायला तर हवं होतं. तुम्ही पोरगा दिलात.

त्याच्या डाव्या कानातून दोन दिवस पाणी आलं. आईनं लसूण घालून तेल कोमट करून सोडलं, वर कापूस लावला, आणि शनिवारी तो पुन्हा डबे ओढायला लागला. पान उलटलं, असंच आपण सगळ्यांनी धरलं. पण वर्गात मास्तर डावीकडून बोलले की त्याला कळेना, मास्तर म्हणाले पोरगं ढ आहे, आणि घरात कुणी हुज्जत घातली नाही, कारण डबे इकडचे तिकडे करणारं पोरगं ढच असणार. पुढे त्याला एसटीत ड्रायव्हर व्हायचं होतं. गाडीवर त्याचा हात किती चांगला होता, तुम्हाला आठवतं? सगळं पार पडलं आणि डॉक्टरी तपासणीत कानावर अडलं. पडदा फाटलेला, म्हणाले, जुना. तो घरी येऊन हौदाशी बसला. तुम्ही जेवता जेवता आईला म्हणालात, "बरंच झालं. गिरणीला माणूस मिळाला." मी तेव्हा माहेरपणाला आले होते, तुम्हाला वाढत होते. तुमच्या ताटात मी भात वाढला, आबा, वर तूपही वाढलं. त्यानं चाळीस वर्षं तुमची गिरणी चालवली. गिरणीत सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे तिथे त्याचा कान कुणाला खटकला नाही.

आणि याची गोष्ट केलीत तुम्हीच. पाहुणे आले, सुपारी फुटली, की तुम्ही म्हणायचात, "अगं, ते गाईचं सांग की." मी उभी राहून सांगायची. काकूंचा आवाज काढायची, परात काखेत धरल्याचं सोंग करायची, आणि शेवटी म्हणायची, "त्या दिवशी पाहुण्यांनी गाईचं खाल्लं आणि गाईनं पाहुण्यांचं!" ओसरी हसून लोळायची. मग तुमची पुरवणी, की तेव्हापासून याला डावीकडून हाक मारली तर ऐकू येत नाही, बघा! आणि कुणीतरी खरंच डावीकडून हाक मारून बघायचं. धाकटाही हसायचा. पण जरा उशिरानं हसायचा, सगळ्यांची तोंडं बघून. ते उशिरा हसणं मी बघत होते आणि पुढच्या खेपेला गोष्ट आणखी रंगवून सांगत होते. त्या गोष्टीत डबे त्यानंच हलवले असायचे. इतक्यांदा ऐकून त्यालाही तसंच आठवायला लागलं.

गेल्या महिन्यात इथे मुलाच्या मित्रांचं पॉटलक झालं. पुण्याची, नागपूरची तरुण जोडपी, प्रत्येकाच्या हातात एकेक भांडं. मुलगा म्हणाला, "आई, तुमच्या गिरणीचं सांग ना यांना, सुपरहिट आहे ते." मी नाही म्हणायला हवं होतं. पण इतकी माणसं तोंडाकडे बघायला लागली की माझं जुनं सोंग आपोआप अंगात येतं. परात, बांगड्या, गवंडी, गाय, आणि शेवटी तुमची ती कानाची पुरवणीसुद्धा. "काकू, कमाल आहात यार तुम्ही!" एक मुलगा डोळे पुसत होता. सगळे हसत असताना नात तेवढी हसत नव्हती. माझ्या गुडघ्याशी बसून तिनं विचारलं, "पण आजी, देन व्हॉट? नेक्स्ट पेजवर त्याचा इअर बरा झाला ना?" त्यावर लोक पुन्हा हसले. ती मात्र माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हो गं. झाला."

बघितलंत ना, आबा? चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवायला तुम्हीच शिकवलंत असं आता म्हणू, की ती कला माझी आणि तुम्ही फक्त ती जपलीत? त्या रात्री ठरवलं, पोरीला नंतर सांगेन, पण आधी ज्याचं त्याला सांगायचं.

धाकट्याचा फोन दर रविवारी येतो, आमची सकाळ आणि त्याची संध्याकाळ. व्हिडिओ लावलेला असतो, पण तो जन्मात समोर धरत नाही, कानालाच लावतो. त्यामुळे पडद्यावर आम्हाला नुसता कान दिसतो. उजवा कान, पाळीवर मोठा काळा तीळ. नात ओरडते, "हाय मामाआजोबांचा इअर!" आणि तिकडून तो हसतो. त्या रविवारी नात पोहायच्या क्लासला गेली होती, मी एकटीच टेबलाशी. आधी इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "अक्का, आज सुनेनं सांगितलेलं सामान सोडून भलतंच घेऊन आलो बघ. लहानपणापासनं धांदरटच मी. आबा म्हणायचेच." सत्तरीला टेकलेला माणूस, नातवंडं असलेला, आणि अजून तुमचा दाखला देतो.

मी म्हटलं, "थांब, मला तुला काही सांगायचंय." तो म्हणाला, "सांग की. चहा आलाय, एवढा कप धरतो हातात." आणि मग मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या, तू डबे हलवले नव्हतेस, आबांना ठाऊक होतं, तू धांदरट नव्हतास रे कधीच, तुझा कान माझ्यापायी गेला. एवढं मी माझ्या आयुष्यात सलग बोलले नसेन. तिकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हो हो, जेवण व्हायचंय अजून. तुमच्याकडे बर्फ आहे का गं?" मी म्हटलं, "आहे. भरपूर आहे."

आता हे पत्र कुठे पाठवणार? त्या पुस्तकाच्या झेरॉक्समध्ये ठेवून देते, कोरी पट्टी चिकटवलेल्या पानात. तुम्हाला मी पानभर ऐकवलं, आबा, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण एक राहिलं. चहाचा कप घ्यायला त्यानं फोन डाव्या कानाला नेला, ते मला पडद्यावर दिसलं होतं. तीळ गेला, नुसती पाळी राहिली. ते नीट बघून घेतलं, आणि मगच मी बोलायला सुरुवात केली.