तिसरा रकाना

३ नोव्हेंबर २०२५
माफ कर. मे महिन्यानंतर आज वही उघडतो आहे. इतके दिवस न लिहिण्याची कारणं चिठ्ठ्यांवर टिपून ठेवली होती, त्या सापडत नाहीत. हल्लीची पेनं फिकी निघतात, म्हणून आजपासून काळा मार्कर, आणि एक ओळ सोडून एक ओळ. पान मोकळं दिसतं.

आजचा निर्णय : स्क्रीन रीडर. कॉम्प्युटरवर जे लिहिलंय ते कॉम्प्युटर स्वतःच वाचून दाखवतो. ऑगस्टमध्ये चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं. ते म्हणाले, मधली नजर जात राहील, कडेची राहील. डॉक्टर तरुण आहेत, ठाम बोलायची सवय असते.

सॉफ्टवेअर फुकट आहे. म्हणजे प्रश्न फक्त मशीनचा. ते नीट अभ्यास करून निवडायचं. घाई नको.

६ नोव्हेंबर
महासंघाचा मागणी अर्ज आणला. (आमचा महासंघ म्हणजे अहेरी भागातल्या एकोणीस ग्रामसभा मिळून बांबू विकतात तो. प्रत्येक ट्रकचा वाहतूक परवाना मी टाइप करतो.) अर्जात तीन रकाने. वस्तू : लॅपटॉप. कारण : कामाचा वेग वाढावा. वापरणाऱ्याचं नाव : रिकामं ठेवलं. वस्तू पक्की झाल्याशिवाय वापरणारा कसा पक्का होईल? हे प्रामाणिक कारण आहे का, असं स्वतःला विचारलं. बहुतेक आहे.

नंदिनीने (आमची कॉम्प्युटर ऑपरेटर) जेवणानंतर दहा मिनिटांत ते सॉफ्टवेअर माझ्या जुन्या मशीनवर टाकून दिलं. म्हणाली, सर, यावरही चालतं. ती घरी गेल्यावर चालवून पाहिलं. आवाज नाही. चार जीबी रॅममध्ये कुठून येणार? स्पीकरची वायर मी सकाळीच काढून ठेवली होती, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. पण तेवढ्याने असं होईल असं वाटत नाही.

निष्कर्ष : नवीन मशीन.

१२ नोव्हेंबर
एसटीने चंद्रपूर. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? ऑफिसातल्या एका सहकाऱ्यासाठी, म्हटलं. मग मुद्दा मांडला : स्क्रीन वाचायची तर स्क्रीन मोठी हवी, सत्तावीस इंची, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं. त्याने लगेच मान डोलावली. जाणकार माणूस. गेम खेळायचा लॅपटॉपही दाखवला, त्याच्या बटणांखाली लाल दिवे लागतात. ते दिवे मला फार स्पष्ट दिसले. दिवे या निकषाला दहापैकी आठ.

घेतला नाही. रॅम आठ की सोळा, हे ठरलेलं नाही. एफ आणि जे या बटणांवर न बघता बोटाला लागेल असा उंचवटा होता. असला कीबोर्ड आपल्याकडे कुठला!

१३ नोव्हेंबर
आपल्याही कीबोर्डला आहे. वीस वर्षं हात फिरतोय, कधी लागला नव्हता.

१९ नोव्हेंबर
ड्रायव्हर बिरजूचा ट्रक वनखात्याच्या नाक्यावर दीड दिवस अडला. गाडीचा नंबर शेवटी छत्तीस, परवान्यावर शहाऐंशी.

अध्यक्ष आशाबाईंनी बोलावलं. मी फॉन्टचा दोष समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, “हेमराजभाऊ, भिंतीले काऊन सांगता? माह्याकडं पाहून बोला.” मी त्यांच्याकडेच बघत होतो. कोणाचाही चेहरा पाहायचा तर मी जरा बाजूला, भिंतीवर बघतो. तिथून तो नीट येतो. ही सवय आहे, दुसरं काही नाही.

आणखी एक ट्रक अडला तर परवाने नंदिनीकडे जातील आणि मला बांबू डेपोच्या सामानखोलीत बसावं लागेल. त्याचं मला इतकं नाही. पण आमचा परवाना वनखात्याच्या नाही, आमच्या सहीने निघतो. त्यासाठी गावांनी नऊ वर्षं कागद घेऊन हेलपाटे घातले, मीही त्यांच्याबरोबर होतो. एक आकडा चुकला की नाक्यावरचे म्हणतात, या लोकांना जमत नाही.

रात्री झोप नाही. सोळा जीबीच घ्यावी.

२५ नोव्हेंबर
नवी पद्धत : परवाना छापला की मोबाइलचं भिंग धरून तीनदा तपासणे. एका परवान्याला चाळीस मिनिटं. काटेकोरपणाला वेळ लागतोच. बिरजू सांगत होता की रांगेत थांबल्या थांबल्या त्याचे दोन चहा आणि एक दाढी झाली.

घरी बायकोकडून, रंजीताकडून, लॅपटॉपची माहिती मोठ्याने वाचून घेतली. तिने विचारलं, हा सहकारी कोण? म्हटलं, नवीन आहे. ती वाचता वाचता थांबली. म्हणाली, “त्याले सांगा, तुमच्या त्या माणसानं आज डाळीत मीठ दोनदा टाकलं.”

मिठाच्या डब्याला लेबल हवं. मोठं.

२ डिसेंबर
अर्ज परत आला. तिसरा रकाना रिकामा म्हणून. किती कागदी कारभार झालाय आपल्याकडे.

तुलनेची यादी अकरा पानांची झाली. प्रोसेसर अजून बाकी.

९ डिसेंबर
जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी एकदम तीन ट्रक. बिरजूचा पहिला. मी त्याचा एक जुना परवाना उघडून तारीख बदलली आणि भिंग शोधू लागलो. खिडकीत लच्छू तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत उभा. लच्छू डेपोत बांबूचे भारे मोजतो. भाऱ्याला हात लावायचा, आकडा मोठ्याने हाकारायचा, आणि मी तो ऐकून लिहायचा. इतक्या वर्षांत आमचा एक भारा चुकलेला नाही. त्याला अक्षर वाचता येत नाही.

नंदिनी उठली आणि माझ्या टेबलामागे वाकली. मी सांगितलं, जुनं मशीन आहे, मुकं आहे. ती म्हणाली, “सर, वायर मी रोज बघते. तुम्ही लावाल म्हणून थांबले होते.”

वायर बसली आणि मशीन पूर्ण आवाजात बोलू लागलं. मराठी आहे, पण सिरोंच्याच्या पलीकडून, तेलुगू मुलखातून बदली होऊन आलेल्या कंडक्टरसारखी. मी आवाज कमी करायला बटण शोधत होतो, ते थांबेना. ग्रामसभेचं नाव वाचलं, भाऱ्यांची संख्या वाचली, मग गाडीचा नंबर. शेवटी आठ, सहा.

लच्छूने मान वर न करता हाकारलं, “थांब. आठ नाई, तीन. बिरजूची गाडी तीन-सहा हाय.”

नाक्यावर अडलेल्या त्या परवान्याची चूक मी तारखेखाली जशीच्या तशी ठेवली होती. सही करायला हात उचललेला होता.

लच्छूने खर्रा तोंडात टाकला. मग लच्छू म्हणाला, “हे बेस झालं, मुनशी. आता तुमी माह्यावानीच. आयकून मोजा.”

बिरजू म्हणाला, “मंग एवढे दिवस काऊन नाई लावलं? सगळ्याईले तं माहीत होतं.”

काय माहीत होतं, मी विचारलं.

“तुमाले दिसत नाई ते,” तो म्हणाला. एसटीची वेळ सांगावी तसं.

नंबर दुरुस्त केला. मशीनकडून पुन्हा वाचून घेतला. खिडकीतून लच्छूने हूं म्हटलं, मग सही केली. दुपारी बिरजूचा नाक्यावरून फोन आला. पंधरा मिनिटांत सुटला.

१० डिसेंबर
दिवसभरात सात परवाने. चूक नाही. चार जीबी.

कंडक्टरचा आवाज कमी केला, वेग थोडा वाढवला. तरी दुपारी आशाबाई सांगून गेल्या, भाऊ, तुमचे परवाने रस्त्यावर आयकू येते. हो म्हणायला मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे भिंतीकडे.

संध्याकाळी तुलनेची अकरा पानं काढून खिडकीशी नेली, मार्करने लिहिलेली. मला एकही ओळ लागली नाही. रंजीताला दिली. तिने पहिलं पान वाचलं आणि विचारलं, बाकीचीही वाचू? नको म्हटलं.

अर्ज नवा घेतला. हात अंदाजाने फिरवला, रंजीता म्हणाली ओळ सरळ आली आहे. वस्तू : हेडफोन, एक. कारण : परवाने ऐकून तपासण्यासाठी.

उद्या : तिसरा रकाना भरणे.