विहिरीला परत मिळालेले बेडूक

१२ जून १९८६, गुरुवार. सकाळी ९.४०
नेमक्या या वेळी सेक्रेटरी नंदकिशोरने जिन्याखाली नोटीस लावली. सोसायटीची विहीर बुजवून स्कूटर पार्किंग! कारण काय, तर डास. अरे, गेल्या वर्षी तूच विहिरीत रॉकेल ओतून बेडूक मारलेस, म्हणून डास वाढले. तोंडावर सांगितलं. म्हणाला, "मावशी, तुम्ही आराम करा ना." मी याची मावशी नाही.

१५ जून
लायब्ररीत दिवसभर रिसर्च. नाहीसा झालेला प्राणी परत आणून सोडला की बिघडलेली जागा सावरते. परदेशात ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर सोडतात. मी बेडूक सोडणार. मुलुंडमध्ये पहिलाच प्रयोग असावा.

२२ जून
मनोरीला शाळेतल्या मैत्रिणीच्या, नीलाच्या घरामागच्या डबक्यातून बेडूक आणले. डालड्याच्या डब्याला भोकं पाडून. नीला म्हणाली, "रिटायर झाल्यावर बायका काशीला जातात गं. तू चिखलात काय बसतेस?" शाळेतही ती सायन्समध्ये कच्चीच होती.

६ जुलै
विहीर पुन्हा बोलू लागली. डास जवळजवळ संपले. हे एका हाताने खाजवत लिहिते आहे, पण चावतायत ते जुने डास.

१३ जुलै
विहिरीत साप! बेडूक खायला आला. म्हणजे अन्नसाखळी पूर्ण. पुस्तकात पाहिलं, दिवड आहे, बिनविषारी. नंदकिशोर मात्र "नाग! नाग!" करत स्कूटरवर चढला.

२० जुलै
जनरल मीटिंग. भाषण तयार होतं, पण पहिल्या मजल्यावरची पद्मजा आधीच उठली. "नागोबाची जागा बुजवणार? माझ्या मुलाचं लग्न ठरतंय!" ठराव एकमताने रद्द. विज्ञानाचा विजय.

१० ऑगस्ट
नागपंचमी. बायकांनी विहिरीच्या कठड्यावर दूध-लाह्या ठेवल्या. म्हटलं, दिवड दूध पीत नाही. पद्मजा म्हणाली, "तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या, तुम्हाला काय कळणार!" लाह्या खायला उंदीर आले. चांगलं लक्षण, परिसर समृद्ध होतो आहे.

१४ ऑगस्ट
उंदीर माझ्या स्वयंपाकघरात. तळमजल्याला हे असतंच.

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ७.१०
उंदरामागून दिवड माझ्या बाथरूममध्ये. मी डायनिंग टेबलावर उभी आहे. घाबरले नाही, निरीक्षणाला उंची लागते. हाकेसरशी नंदकिशोर आला. दारातूनच हात जोडले, मला नव्हे. "मावशी, नशीब काढलंत! स्वतःहून तुमच्याकडे आले." हाकलायला तयार नाही. मग विहीर तरी बुजव म्हटलं, तर जीभ चावली. "देवाची जागा, मावशी! तुमच्यामुळेच तर वाचली."

सेक्रेटरींना कळवलं आहे: सदर विहीर कोणत्या तारखेला बुजवणार, याचं लेखी उत्तर आज संध्याकाळी पाचच्या आत मिळावं. उत्तर टेबलापर्यंत आणून द्यावं.