लोखंडी कोयता

मी, सुकदेव रामदास बोरसे, वय ६३, राहणार कोसाड, सुरत, मूळचा अमळनेर तालुक्यातला, हे शुद्धीत व कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. वकील म्हणाले होते, कलम तीन गाळा. मी गाळलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी पत्नी शोभाबाई हिची. तिने माझ्यासोबत आमच्या कारखान्यात तीस वर्षे शूटिंगसाठी फोमचे दगड रंगवले. तिला घराबाहेर काढण्याचा हक्क कुणालाही नाही.

२. गावच्या घरातला माझा हिस्सा धाकटा भाऊ वाल्मिक याला द्यावा. तो माझा पैसा घेणार नाही, म्हणून हिस्सा.

३. कारण असे. २०११ साली एका मालिकेचे शूटिंग हजिऱ्याकडे होते. खोटी हत्यारे, खोटे रक्त, सगळे सामान आमचे. रबरी कोयता मी वडिलांच्या खऱ्या कोयत्याचा साचा घेऊन केला होता. तो कॅमेऱ्यासमोर वाकत होता. दिग्दर्शक सर्वांदेखत शिव्या घालू लागला. वडिलांचा कोयताही सामानाच्या पेटीत होता. वाल्मिक पेटीजवळून मला म्हणाला, "भाऊ, लोखंडना देऊ का?"

मी म्हणालो, "दे. बोथट शे."

बोथट नव्हता. तिसऱ्या टेकला समोरच्या नटाचा वार योगेंद्रच्या मानेत शिरला. योगेंद्र मारामारीची कामे करायचा, कतारगामात राहायचा. रक्ताची चिळकांडी उडाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, आमचेच सरबत. तो पाय झाडत होता, तरी टाळ्या चालूच होत्या.

मी हातोडा उचलला आणि "तू काय दिलंस!" असे ओरडत भावाच्या तोंडावर घातला. एकदा नाही, तीनदा. त्याचा जबडा तुटला. दोन महिने त्याला बोलता आले नाही. तेवढ्या काळात पोलिसांत माझा जबाब नोंदला गेला, की मला काहीच ठाऊक नव्हते. पुढे त्याने खरे सांगितले, पण कुणी मानले नाही. तो चार वर्षे तुरुंगात होता. आधी मी घाबरून मारले असे म्हणायचो. आता लिहितो, तो बोलू नये म्हणून मारले.

४. त्या दिग्दर्शकाला माझ्या तिरडीजवळ उभे करू नये. आलाच तर शोभाबाईने चपलेने हाकलावे.

५. कारखाना, साचे, हत्यारे व मुलांच्या कार्यक्रमातल्या एकोणीस बाहुल्या योगेंद्रची मुलगी हर्षदा हिला. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चार वर्षे ती माझ्याकडे काम शिकते, आमच्याकडेच जेवते.

६. मागच्या मंगळवारी कलम तीन मी तिला वाचून दाखवले. शोभाबाई नको म्हणत होती. हर्षदा ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही मला बाहुल्यांच्या माना जोडायला शिकवलं." टेबलावरची पटाशी उचलून तिने माझ्या उजव्या तळहातात आरपार मारली आणि निघून गेली. अजून आलेली नाही. तिच्यावर कुणीही तक्रार करू नये. कलम पाच जसेच्या तसे राहील. तिने सगळे जाळले तरी ते तिचेच.

७. खालची सही डाव्या हाताची आहे. वाकडी आहे, पण माझीच आहे.

सुकदेव रामदास बोरसे

आमच्यासमोर सही केली:
१. मंगलाबाई पाटील, शेजारी
२. पांडुरंग वाघ, टाके घालणारे डॉक्टर

कोसाड, सुरत
१४ नोव्हेंबर २०२४