डेसाकडे ठेवलेली रायफल

प्रिय थिया,

डोंगरावरची लार्चची झाडं पिवळी झाली आहेत. सकाळी नदीवरून धुकं चढतं आणि आपली गुरं त्यात पोटापर्यंत बुडतात. नुसत्या पाठी तरंगताना दिसतात. मी बघत बसतो. कधी वाटतं, तू अजून शाळेत आहेस आणि आता बसमधून उतरशील. मग तुझी आई हाक मारते आणि मी परत येतो.

यंदा एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आत मला रायफलसाठी विश्वासाचा कारागीर शोधायचा होता. रायफल तीच, माझ्या वडिलांची. तिच्या अक्रोडी दस्त्याला गाल लावून तू म्हणायचीस, "बाबा, हिला घोड्याचा वास येतो." तिची दुरुस्ती करणारा म्हातारा गस वारल्यापासून मी तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

आधी गावातल्या मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, "काका, ही आता भिंतीवर शोभेल. नवी दाखवू का?" मी निघालो. महामार्गावरचा दुकानदार गोडबोल्या. माझ्या वडिलांचं कौतुक करता करता त्याने नळी सरळ गिऱ्हाइकांकडे वळवली, आत गोळी आहे का ते न बघताच. ती मी त्याच्या हातातून काढून घेतली. शेवटी चाऱ्याच्या दुकानातला बर्नी म्हणाला, "डेसा प्रुइटकडे जा. तोंडाने फटकळ आहे, पण बाई खरी."

डेसाचं दुकान खोऱ्याच्या टोकाला, दुधाच्या जुन्या शेडमध्ये. त्या रस्त्यावर मी आयुष्यभर ट्रक चालवला, तरी चुकलो. ॲस्पनच्या बनात शिरलो तर पानं अशी सावकाश गळत होती, जणू पाण्यातून खाली येत होती. चुकल्याचं वाईटही वाटलं नाही. गाडी थांबवून बसून राहिलो. कुठे निघालो होतो ते आठवायला वेळ लागला.

डेसाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. नळी जमिनीकडे धरली, बोल्ट उघडला, आत बोट घालून खात्री केली, आणि मग माझ्याकडे बघितलं. "काय बिघडलंय?"

"हिचं काहीच नाही," मी म्हणालो.

ती थांबली. मी बोलत गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतः मागायला आलात तरी द्यायची नाही?"

"नाही."

"शिव्या घालाल."

"घालीनच. मोठ्याने."

"घाला. माझ्या बापाने मला त्याच ऐकवत वाढवलं." मग दस्त्यावरून हात फिरवत हळूच म्हणाली, "दर हिवाळ्यात तेल देत जाईन. मुलगी आली तर तिच्या हातात देईन. आणखी कुणाच्या नाही."

बाहेर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. हात इतके हलके झाले होते की ते कुठे ठेवावेत कळेना.

आता हे का लिहितोय ते ऐक. मी विसरतोय, थिया, आणि हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं. मागच्या महिन्यात एका सकाळी धुक्यात, कुंपणापलीकडे मला एल्कची मादी दिसली. तपकिरी, शांत, मान वर केलेली. मी रायफल खांद्याला लावली, श्वास सोडला, बोट चापावर नेलं. तेवढ्यात ती खोकली. तुझ्या आईचा खोकला मी कुठेही ओळखीन. ती जुना कोट घालून वासरू शोधायला गेली होती. तिला अजून यातलं काही माहीत नाही. आता घरात एकही बंदूक नाही. पण एक दिवस मी ओरडेन की माझ्या बापाची रायफल कुणीतरी चोरली. तुझ्या आईला चोर म्हणेन, तुलाही म्हणेन. त्या माणसाशी वाद घालू नकोस, त्याला दुखवूही नकोस. फक्त आईला बाजूला घे आणि सांग, "आई, ती रायफल बाबांनी शुद्धीत असताना, स्वतःच्या हातांनी, तुझ्यासाठी देऊन टाकली."

तुझाच, आज सगळं आठवत असलेला,
बाबा