‘एकही नाही’ असं बोलायचं नसतं

पाइन क्रीक, मॅनिटोबा, कॅनडा
रविवार

प्रिय आई,

तुला आणि बाबांना घट्ट मिठी.

कालची मॅच आम्ही चार-एक जिंकलो. तो एक गोल मी खाल्ला, पण खरं सांगू? तुझ्यामुळे खाल्ला!

मॅच संपत आली तरी मी समोरच्यांना एकही गोल करू दिला नव्हता. अशा वेळी आपल्यासारख्या हॉकीवेड्या घरात कुणी ते तोंडातून काढतं का? आणि मी ज्यांच्याकडे राहतो त्या डोरीनमावशी मॅच बघत बसल्या असताना तू नेमका तेव्हाच त्यांना फोन केलास. आनंदाच्या भरात त्या ओरडल्या, "अगं, पोरानं अजून एकही गोल खाल्ला नाही!" पार गोलच्या जाळ्यापाशी मला ऐकू आलं. मागच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "झालं! लावलीत नजर!" आणि बर्फावरून सरकत आलेली चकती आमच्याच गड्याच्या स्केटला लागून जाळ्यात गेली.

घरी आल्यावर मावशी माझ्या नजरेला नजर देईनात. नुसत्या बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या पेरोगी वाढत राहिल्या.

तू फोन का केलास ते मला कळतं. हृदयाला ताण नको म्हणून डॉक्टरांनी बाबांचं रेडिओवर मॅच ऐकणं बंद केलंय, तेव्हा तेच तुझ्या मागे लागले असणार. त्यांना अजून जिना चढताना धाप लागते का?

बाबा आता ठणठणीत झाले, असं तू लिहिलंस. आई, तेही इतक्यात बोलू नकोस. मार्चची तपासणी होऊ दे. तोवर कुणी विचारलं, तर आम्ही मॅचमध्ये सांगतो तसं नुसतं "चाललंय" म्हण.

माझंही चाललंय.

तुझा,
तारस